रेघेवर विश्वास नसलेल्या बाई

रॅपिड टेस्टची पट्टी बाई दोन बोटांच्या चिमटीत, मेलेलं झुरळ उचलावं तशी धरायच्या. चष्म्यावरून तिच्याकडे बघत म्हणायच्या, "रेघ उमटली म्हणून नाचू नका. कसली रेघ, ते आधी बघा."

भोरच्या त्या लॅबमध्ये आम्ही दोघंच टेक्निशियन. त्या सीनियर, मी ज्युनियर. तुम्हीही कधी अशा लॅबच्या बाकावर बसून रिपोर्टची वाट पाहिली असेल. त्यावर 'पॉझिटिव्ह' ठळक छापलेलं असतं, आणि कशाला पॉझिटिव्ह हे विचारायचं कुणाला सुचत नाही. काचेवरच्या एका थेंबावरून प्रत्येक तापाला टायफॉइड ठरवणाऱ्या डॉक्टरांचा तर बाई रोज उद्धार करायच्या. "जुन्या आजाराची खूणही रक्तात राहते. हे शिकवत होते तेव्हा हे लोक कॅन्टीनमध्ये असणार!"

एका दुपारी विंझरकडची एक सासू सुनेला घेऊन आली. सुनेला तिसरा महिना. हायवेवरच्या एका दवाखान्यात पट्टीवर टॉक्सोप्लाझ्माची, म्हणजे पोटातल्या बाळाला इजा करू शकणाऱ्या जंतूची, तपासणी झाली होती आणि आयजीएमच्या, म्हणजे ताज्या आजाराच्या खुणेच्या, जागी पुसट रेघ आली होती. तेवढ्यावरून डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, मूल अधू होणार, परवा येऊन मोकळं करून घ्या.

"बाई, खरं काय ते सांगा," सासू म्हणाली. "पोरगी दोन दिस जेवली न्हाई."

बाईंनी रक्त घेऊन एलायझा, म्हणजे पट्टीपेक्षा पक्की मशीनवरची तपासणी, लावली. आयजीएम काठावर, आयजीजी भरपूर. मी रिपोर्ट टाइप करता करता म्हणालो, "काठावर म्हणजे पॉझिटिव्हच ना?"

"तुझ्या डोक्यातही पट्टीच बसवलीय का रे?" बाई कडाडल्या. मग सासूसमोर खुर्ची ओढून बसल्या. "हे बघा, आजार आला की आधी आयजीएम नावाची अँटीबॉडी येते, मागून आयजीजी. पण आयजीएम कधी कधी वर्षभर रेंगाळते. म्हणून आयजीजीची पकड तपासायची. नवी असली तर जंतूला सैल धरते, जुनी झाली की घट्ट. घट्ट निघाली तर आजार हिला दिवस जायच्या आधीचा. ती तपासणी पुण्यात होते. तवर कुणी कशाला हात लावायचा न्हाई."

"व्हय, पर डाक्टर म्हनत्यात…"

"म्हणू द्या. त्यांना म्हणायला काय जातं?"

लॅबचे मालक म्हणाले, नमुना न्यायला कुरियर सोमवारी येईल. बाईंनी रजा टाकली, नमुना बर्फाच्या डब्यात घातला आणि एसटीने स्वतः पुण्याला नेला.

पकड घट्ट निघाली. पुण्याच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनीही कागद बघून सांगितलं, आजार जुना आहे, बाळाला धोका दिसत नाही. ते ऐकून सून पहिल्यांदा मान वर करून बोलली, "आत्या, मला भूक लागलीया."

हायवेवरच्या डॉक्टरांना मात्र हे झोंबलं. चूक कबूल करण्यापेक्षा आमच्याकडे पाठवायचे ते पेशंट दुसऱ्या लॅबला पाठवणं त्यांना सोपं गेलं. आमच्या शूर मालकांनी पंधरवड्यात बाईंना सांगितलं, "उद्यापासून येऊ नका." मी शेजारीच उभा होतो, धुतलेल्या टेस्ट ट्यूब पुन्हा धूत. बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं. मला नावं ठेवायचे कष्टसुद्धा त्यांनी घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी सीनियर झालो.

काही महिन्यांनी ती सासू-सून बाळाला घेऊन आल्या. नात झाली म्हणून बर्फी आणली होती. मालकांनी हात पुढे केला. "आमच्या लॅबची मशीनच तशी आहे!"

"त्या बाई कुठं हायत?"

"त्यांनी काम सोडलं."

"सोडलं न्हाई," मी म्हणालो. आवाज फार मोठा नव्हता. "काढलं. तुमच्या रिपोर्टपायी."

सासूने मालकांकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "आन् तुमी?"

मी धुतलेली टेस्ट ट्यूब पुन्हा नळाखाली धरली. तिने बाईंचा पत्ता तेवढा विचारून घेतला आणि बर्फीच्या डब्याला झाकण लावलं.