उभ्या ज्वारीतून फौज

शुक्रवारी दुपारी पुण्याहून फोन आला तेव्हा मी उभ्यानं जेवत होतो. डाव्या हातात ताटली, उजव्यात घास, आणि स्वयंपाकघर ते पुढचं दार अशा फेऱ्या. आठवडाभरापासून बायकोनं मला टेबलाशी बोलावणं सोडून दिलं होतं. "ज्याईले बसून जेवाचं आहे त्याईनं बसावं," एवढं म्हणून ती वाढून घ्यायची. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे बसणारी ती एकटी.

अस्वस्थपणाचं कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. अर्धं डोकं पांढरं झालेला माणूस, अमरावतीत पंचवीस वर्षं लेआउटचे आणि घरांचे नकाशे काढून पोट भरणारा, आणि त्याची भूक मरते कशानं, तर कॉम्प्युटरवरच्या लढाईच्या खेळानं. बरं, मी खेळतो म्हणावं तर तेही नाही. मला खेळताच येत नाही. माझं घोडदळ पहिल्या पाच मिनिटांत नाल्यात जाऊन बसतं. मी त्या खेळांसाठी रणभूमीचे नकाशे काढतो. मेळघाटातल्या एका घाटवाटेचा हौसेनं काढलेला नकाशा मी नेटवर टाकला होता. तो पाहून पुण्यात असल्या खेळांचं काम बघणाऱ्या एका मुलीनं विचारलं, "सर, जुन्या लढायांचे काढाल का?" मला कोणी सर म्हटलं की मी कशालाही हो म्हणतो.

परदेशातल्या दोन लढाया काढून झाल्या. मग तिनं विचारलं, तुमच्या भागातली एखादी? मी क्षणात अडगाव म्हणालो. अकोल्याच्या उत्तरेला, अकोटच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी. दोनशेहून जास्त वर्षांपूर्वी तिथं मराठ्यांची आणि इंग्रजांची गाठ पडली आणि अंधार पडेपर्यंत आपण हरलो होतो. पण माझ्या उत्साहाचं कारण इतिहास नव्हता. त्याच शिवारात माझी थोरली बहीण दिलेली आहे. तिचं वावर त्या मैदानात येतं.

इथपर्यंत ठीक होतं. पण मी पुढं गेलो. एका लग्नात, जेवणाच्या रांगेत, हातात गुलाबजाम घेऊन मी सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांना सांगून टाकलं, की आपलं अडगाव आता कॉम्प्युटरमध्ये येऊन राहिलं, जगभरचे लोक खेळतील. तेव्हापासून जो भेटेल तो विचारतो, "आलं काय हो अडगाव?"

नकाशा पाठवून आठवडा झाला, तिकडून काही कळेना, आणि शुक्रवारी फोनवर ती मुलगी म्हणाली, "सर, अडगावची लढाई होतच नाहीये."

"म्हणजे?"

"फौजा एकमेकींपर्यंत पोचतच नाहीत. सगळं एका गाडीवाटेवर अडकतं. पुढं तोफा, मध्ये बैल, मागं पलटणी. आम्ही सहा वेळा चालवून पाहिलं. तपासणारी मुलं त्याला ट्रॅफिक जॅम म्हणताहेत."

"बघतो," मी म्हणालो.

"सर, सोमवारी दुपारी बाराला लढायांची यादी पक्की होणार. तोवर नाही जमलं तर अडगाव काढून दुसरी लढाई घेतील."

उरलेली पोळी मी ओट्यावर ठेवली ती तशीच राहिली.

असला नकाशा म्हणजे मधमाशीच्या पोळ्यासारखी सहा कोनांची हजारो घरं. प्रत्येक घरात जमीन कशी आहे ते भरायचं आणि ते ओलांडायला फौजेला किती कष्ट पडतील त्याचा आकडा द्यायचा. गाडीवाटेला एक, मोकळ्या रानाला दोन, नाल्याला चार. विहिरीला 'बंद', विहिरीतून कोणी जात नाही. मी शुक्रवारची सगळी दुपार चढ तपासले, नाले तपासले, गावाभोवतालची काटेरी कुंपणं तपासली. एक नाला थोडा सरकवला. फौजा होत्या तिथंच. मी उठायचो, दारापर्यंत जायचो, परत येऊन तोच नाला परत जागेवर सरकवायचो.

"काय जी, इंग्रज आलेच नाही का अजून?" बायको म्हणाली.

"रस्त्यात आहेत."

"मंग तुमीच जाऊन आणा ना त्याईले. बहिणीचंच तं वावर आहे. इथं फेऱ्या मारून मारून फरशी झिजवून राहिले."

शनिवारी सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरली. डबा अर्धा रिकामा होता, तरी अकोल्यापर्यंत मी दाराशी उभा. अकोल्याहून अकोटची एसटी. अकोटला भाऊजी मोटरसायकल घेऊन आले होते.

"या साळेसाहेब," ते म्हणाले. "मांगं हरलो ते पुरलं नाही, आता पुना हराले आले काय?"

दिवस लढाईचेच होते, दिवाळी होऊन गेलेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कपाशीची पऱ्हाटी फुटलेली, तूर फुलावर, मधूनच नुकता उगवलेला हरभरा. ज्वारी कुठंच नाही. रानडुकरं आणि पाखरं ठेवत नाहीत म्हणून लोकांनी ज्वारी सोडून दिली आहे. ताईनं मात्र वावराच्या मागच्या अंगाला दोन एकर गावरान ज्वारी हट्टानं धरून ठेवली आहे. दुकानच्या ज्वारीची भाकर तिच्या घशाखाली उतरत नाही. माणसाच्या डोक्यावर हातभर उंच गेलेली ती ज्वारी लांबूनच दिसली.

बाभळीखाली बाज होती. तिच्यावर मी लॅपटॉप उघडला. ताई कापूस वेचता वेचता आली, कमरेला ओटी तशीच बांधलेली.

"हे पिवळं पिवळं काय हाय?"

"ज्वारी. तेव्हा सगळे ज्वारीच पेरायचे ना. लढाईच्या वेळी उभी होती."

"बरं. आन हे शिपाई असे एका लायनीत काहून उभे हायेत? राशनचं दुकान हाय काय तिथं?"

"पांधणीनं, गाडीवाटेनं येऊन राहिले ते. वाट अरुंद आहे, म्हणून अडकले."

"मंग वावरातून काहून नाही जात?"

"ताई," मी समजावणीच्या सुरात म्हणालो, "पीक उभं आहे."

ताईनं माझ्याकडं पाहिलं. मग भाऊजींकडं पाहिलं. भाऊजी मोटरसायकलच्या सीटवरून घसरायचे राहिले.

"अबे, ते लढाले आले होते," ताई म्हणाली, "का पोरगी पाहाले?"

मी आकड्यांची यादी उघडली. उभी ज्वारी: बंद. विहिरीला जे दिलं होतं तेच. हे कधी लिहिलं ते मला आठवेना, कारण लिहिताना मी विचारच केला नव्हता. आमच्या वडिलांच्या वावरात चेंडू गेला तरी आम्ही धुऱ्यानं, म्हणजे बांधावरून, वळसा घालून, बाहेरून काठी घालून तो काढायचो. उभ्या पिकात पाय घालणारा माणूस म्हणजे चोर नाहीतर जनावर, हे कोणी शिकवावं लागत नाही. दोन राज्यांच्या फौजा, तोफा, हत्ती, आणि मी त्यांना बांधाबांधानं जायला लावलं होतं! आणि तिकडं तपासणारी पोरं खुर्चीत बसून विचार करत होती, की हे सैन्य पुढं का जात नाही.

"किती लिहू मग?" मी विचारलं. "दोन का तीन?"

"आमाले काय इचारतं? चालून पाह्य ना," भाऊजी म्हणाले.

बोलणं सोपं होतं. मी धुऱ्यावर जाऊन उभा राहिलो, पॅन्ट सावरली, आणि पाय उचलेना. पन्नाशी ओलांडलेला माणूस परवानगी मागावी तसा मागं वळून म्हणाला, "ताई, जाऊ?"

ती पाखरांनी टिपलेल्या कणसांकडं बघत होती. मग म्हणाली, "जा. पण सरळ जाजो. वाकडातिकडा गेला तं जास्त मोडते."

पलीकडचं निंबाचं झाड नजरेत धरून मी आत शिरलो. चार पावलांत झाड गेलं. आठ पावलांत सातपुडा गेला. वर आभाळाची एक पट्टी, बाकी चहूकडं पानं. पात्यांच्या कडा कानाला, मानेला कापत होत्या. खाली जमिनीला एवढाल्या भेगा, की एकदा टाच अडकून मी ज्वारीच्या धांड्यांना मिठी मारली. आपल्याच चालण्याचा आवाज एवढा, की शेजारून हत्ती गेला असता तरी कळलं नसतं. बाहेर पडलो तेव्हा निंबाचं झाड चांगलं तीस पावलं डावीकडं होतं आणि मी शेजाऱ्याच्या पऱ्हाटीत उभा होतो.

पण मला सापडलं होतं! कष्ट तीन, आणि नजर फक्त शेजारच्या एका घरापुरती. ज्वारीत शिरलेली पलटण कोणाला दिसणार नाही आणि तिलाही कोणी दिसणार नाही, अंगावर येईपर्यंत. मी धुऱ्यानं जवळजवळ पळतच परत आलो. केव्हा एकदा आकडा भरतो असं झालेलं.

तर बाजेजवळ ताई नव्हती. मी जिथून आत गेलो होतो तिथं ती होती. माझ्यामागं एक वाट पडली होती, सरळ सांगूनही वाकडीतिकडी. वाकलेला एकेक धांडा उभा करून ती त्याच्या बुडाशी पायानं माती दाबत होती. जे मोडले होते ते काखेत धरत होती, बैलांसाठी.

"एका माणसानं एवढं होते," मी म्हणालो. काहीतरी बोलावं म्हणून.

"एका म्हणजे," भाऊजींनी माझ्या पोटाकडं पाहिलं, "तसा एकच."

ताई हसली नाही. मोडके धांडे घेऊन धुऱ्यावर आली आणि म्हणाली, "ते ज्वारी कोणाची होती रे?"

"कोणती?"

"तुह्या लढाईतली."

मी त्या लढाईबद्दल मिळेल ते वाचलं होतं. तोफा कुठं होत्या, कोणती बाजू आधी ढासळली, कोण कधी पळालं. ज्वारी कोणाची होती ते कुठंच नव्हतं.

"लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

"मंग त्या वर्षी खाल्लं काय त्याईनं?"

 मी लॅपटॉपकडं वळलो. 'बंद' खोडून तीन लिहिलं, नजर एक लिहिली. मग बसल्या बसल्या कोणी न सांगितलेलं एक कामही केलं. मोडलेल्या धांड्यांचं एक तपकिरी घर काढलं आणि अशी सोय केली, की फौज ज्या ज्वारीतून जाईल ते पिवळं घर तपकिरी व्हावं आणि खेळ संपेपर्यंत तसंच राहावं. संध्याकाळी सगळं पुण्याला पाठवलं आणि ताईकडंच मुक्काम केला.

रविवारी सकाळी फोन. "सर, कमाल! ज्वारीतून पलटणी एकदम बाहेर येतात. आमची मुलं खुर्चीतून उठली." मी वावरातच टाळी वाजवली. शेजारचे दोन बगळे उडाले. "फक्त एक," ती म्हणाली. "ते तपकिरी घर काढावं लागेल. प्रत्येक चालीला चित्र बदलायचं म्हणजे खेळ मंद होतो. आणि त्यानं हारजीत काही बदलत नाही."

"हारजीत नको बदलू दे. नुसतं दिसू दे."

"सर, ते ठेवायचं तर सगळा नकाशा परत तपासणीला जाईल. तेवढा वेळ नाही. उद्या बाराच्या आत तुमचा होकार हवा, नाहीतर अडगाव यादीतून जाईल."

म्हणजे होकार दिला तर अडगाव राहणार. लग्नाच्या रांगेतली माझी अब्रूही राहणार. अडलं होतं एका तपकिरी घरावर, आणि ते कोणी मागितलंही नव्हतं. रविवारभर मी पांधणीनं इकडून तिकडं. भाऊजी म्हणाले, "पाठवून दे ना बावा हो म्हणून, चपला झिजतील." सोमवारी सकाळी बायकोचा फोन आला.

"आले काय इंग्रज?"

"आले."

"मंग आवाज असा काहून येऊन राहिला?"

अकरा वाजता मी पऱ्हाटीत ताईच्या तासाला, तिच्या ओळीला, जाऊन उभा राहिलो. ती वेचत होती, मी शेजारून चालत सांगत होतो. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं एकच विचारलं, "अडगावचं नाव राहते ना?"

"राहते."

"आन ज्वारी दिसते?"

"दिसते."

"मंग दे होकार. लोकाईले मालूम तं होईन, इथं ज्वारी होत होती."

मी 'हो' लिहून पाठवलं. बोट थोडं थांबलं, पण पाठवलं. अर्ध्या तासात तिकडून अभिनंदनाचा निरोप आला आणि सोबत लढाईचा छोटा व्हिडिओ. मी मोबाइल ताईसमोर धरला. उन्हात दिसेना म्हणून तिनं पदराची सावली केली. लाल रांगा पिवळ्यात शिरल्या, दिसेनाशा झाल्या, पलीकडून बाहेर आल्या. त्यांच्यामागं ज्वारी जशीच्या तशी, ताठ.

ताईनं दोनदा पाहिलं.

"हे मांगं पुना उभी राहते?"

"हो."

"लागलीच?"

"लागलीच."

"त्या पुण्याच्या पोरीले इचार," मोबाइल माझ्या हातात देत ताई म्हणाली, "हे बियाणं कुठं भेटते."

आणि ओटी सावरून पुढच्या तासाला लागली.