विमानाच्या जिन्यापाशी काढलेल्या चपला
काल द्वारका चौकातल्या गाड्यांच्या शोरूममध्ये कोऱ्या सीटचा वास आला आणि हैदराबादचं आंतरराष्ट्रीय विमान प्रदर्शन आठवलं. तिथे एका परदेशी कंपनीने आपलं नवं प्रवासी विमान आतून बघायला खुलं ठेवलं होतं. निफाडहून माझ्यासोबत आलेल्या आईने जिन्यापाशीच चपला काढल्या. म्हणाली, "नवं कोरं हाय, चपला घालून कसं शिरायचं?" उतरायचा जिना निघाला शेपटीकडे. खाली डांबर तापलेलं, त्यामुळे आई शेवटच्या पायरीवर अडली. तेव्हा कंपनीचा सुटातला गोरा साहेब तिच्या चपला हातात घेऊन आला आणि पायाशी ठेवायला वाकला. सवयीने आईचा हात त्याच्या डोक्यावर गेला. "औक्षवंत हो, बाळा." त्याला शब्द कळले नसावेत, पण तिने हात उचलेपर्यंत तो वाकलेलाच राहिला. विमानाचं मात्र मला आज नावही आठवत नाही.