बारा सुतांचा झोपाळा

महुव्याचे करमशी मिस्त्री शाळेत गेले ते दोनच वर्षं. पण कानामागची पेन्सिल मात्र चाळीस वर्षांत कधी उतरली नाही. त्या पेन्सिलीनं ते आकडे लिहीत नसत, नुसत्या उभ्या रेघा ओढत. एक रेघ म्हणजे एक सूत, आणि आठ सुतांचा इंच.

झंखनाच्या लग्नातल्या झोपाळ्याचं काम त्यांच्याकडे आलं. आजीच्या घराचं सागवानी दार मोडून त्याचाच पाट करायचा, नवं लाकूड तसूभरही नको, असा तिचा हट्ट. मिस्त्री तिला ‘होईल’ म्हणून बसले होते. झोपाळ्याची चौकट साडेबावीस इंच रुंद. दारातून रंधा मारून निघाल्या तीन फळ्या : सात इंच तीन सूत, सहा इंच पाच सूत, आठ इंच चार सूत.

नवरीचे मामा लाभशंकर, निवृत्त कारकून, कागद घेऊनच आले.

“मिस्त्री, एक इंच कमी पडतोय. तीन अष्टमांश, पाच अष्टमांश, चार अष्टमांश. वर बारा, खाली चोवीस, म्हणजे अर्धा. झाले साडेएकवीस! नवी पट्टी जोडा आता.”

झंखनाचा चेहरा पडला. मिस्त्रींनी आपल्या रेघा पुन्हा मोजल्या. कागद पाहिला की ते बिचकायचे. पण रेघा काही तसं सांगत नव्हत्या.

“मामा, खालचे आठ कशाला मिळवले?”

“बेरीज म्हटली की सगळं मिळवायचं!”

“अहो, तुमच्या तीन म्हशींत माझ्या पाच आल्या, तर म्हशी आठ होतील. एकेकीचे पाय कसे वाढतील?”

झंखना फिस्सकन हसली. मिस्त्रींनी फळीवर बारा रेघा ओढल्या आणि आठांभोवती गोल काढला. “हा झाला एक इंच, तो इंचांत गेला. राहिली चार सुतं. आठातली चार म्हणजे किती, पोरी?”

“अर्धा! एकवीस नि एक बावीस, वर अर्धा. साडेबावीस!”

“तोंडी नको, बसवून दाखवा,” मामा म्हणाले.

मिस्त्रींनी तिन्ही फळ्या चौकटीत बसवल्या. फटीत मामांचा कागदसुद्धा शिरेना.

पाट तयार झाला, तेव्हा त्यावर आधी बसले ते मामाच.

“किती झोके देऊ?” मिस्त्रींनी विचारलं.

“बारा अष्टमांश!”

“म्हणजे दीड,” मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी झोपाळा असा ढकलला की मामांची टोपी अंगणात.