नमस्काराची जागा

इतवारीतल्या त्या मुलींच्या शाळेत सॉफ्टबॉल आणला तो चंद्रकलाबाईंनी. त्या पी.टी.च्या बाई. पण दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर नियमांचं पत्रक यायचं आणि शिकवलेलं पुसून बाईंना पुन्हा नवं शिकवावं लागायचं. कधी चेंडू टाकायचं अंतर बदललं, कधी बॅट, कधी गणवेश. बाईंचे गुडघे आता कुरकुरत होते. "देवसुद्धा एकदा नियम करून मोकळा झाला," त्या म्हणायच्या, "यांना काय झालंय?"

१९७९ च्या पत्रकात होतं: चेंडू टाकणाऱ्या मुलीनं दोन्ही हात समोर जुळवून क्षणभर स्थिर राहावं आणि मग हात इकडेतिकडे न नेता थेट चेंडू टाकावा.

बाईंनी कपाळाला हात लावला. त्यांच्या मुली नेमक्या तेव्हाच चेंडू कपाळाला लावायच्या. विणकरांच्या पोरी त्या; घरी बाप मागाला नमस्कार केल्याशिवाय धोटा हातात घेत नाही. बाईंनीच सांगितलं होतं, चेंडूलाही तसंच करा.

सगळ्यांत सरस होती गोपिका. तिच्या बापानं, नत्थूजींनी, बजावलं होतं: विभागाच्या संघात घेतलं तर खेळ, नाही तर घरी बसून सुताच्या कांड्या भर. आणि विभागासाठी जिंकणाऱ्या शाळेच्याच मुली घेत.

"चेंडू टाकायच्या पट्टीवर पाय ठेवायच्या आधी नमस्कार करून घे," बाई रोज सांगत.

"आधी केला तं चेंडू टाकाच्या वक्ती देव थांबून राहील का, बाई?"

"राहतो गं. त्याला कुठं जायचं असतं?"

लकडगंजच्या शाळेशी सामना. शेवटचा डाव, गुण बरोबरीत, तिसऱ्या बेसवर त्यांची मुलगी. गोपिकानं पट्टीमागं नमस्कार केला, पुढं आली, हात जुळवले, स्थिर उभी राहिली. समोरून आरडाओरडा झाला. पोरगी घाबरली आणि चेंडू आपसूक पुन्हा कपाळाला गेला.

पंचांनी हात वर केला. चेंडू बाद, धावणाऱ्या मुली एकेक बेस पुढं. तिसऱ्या बेसवरची घरी, म्हणजे होम प्लेटवर, पोचली, त्यांचा एक गुण वाढला आणि सामना संपला.

संध्याकाळी बाई स्वतः तिला पोचवायला गेल्या. नत्थूजी मागावरून उठले.

"हारली म्हणता? काहून?"

बाईंनी सगळं सांगितलं. चुकीची वेळ, नवा नियम, पोरीचा दोष नाही. अजून एक वर्ष द्या, म्हणाल्या.

नत्थूजींनी हळूच विचारलं, "म्हंजे देवाले नमस्कार केला म्हून हारली?"

"तसं नाही हो. आधी करायचा होता, तिनं नंतरही केला."

"आधी कराचा का नंतर, हे तो पंच ठरवीन?"

"खेळाचा नियम आहे, नत्थूजी."

"नुसती हारली असती तं म्या पाठवली असती, बाई. तुमच्या शब्दाखातर पाठवली असती. पण जो नमस्काराले सजा देते, त्या खेळात माही पोर नाही."

बाईंजवळ उत्तर होतं: देव थांबून राहतो. रोज सकाळी मैदानात तेच तर सांगत आल्या होत्या. पण त्या खाटेच्या कडेला टेकल्या, आल्या आल्या पुढं ठेवलेला, आता गार होत चाललेला चहा प्यायल्या.

आतून रहाटाचा आवाज सुरू झाला. गोपिका कांड्या भरायला बसली होती.