बेगमीची बॅटरी

वस्तू संपू नये म्हणून ती वापरायचीच नाही, या कलेत आमच्या थोरल्या दिरांचा हात धरणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात सापडायचा नाही. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. त्यांचं घर आणि आमचं घर एकाच नारळी-सुपारीच्या वाडीत, मध्ये फक्त विहीर. त्यामुळे लग्न होऊन आले तेव्हापासून ही कला मी रोज जवळून पाहते आहे, आणि खरं सांगायचं तर पाहून पाहून दमले आहे.

पावसाळ्याची बेगमी आमच्याकडे सगळेच करतात. सोलं, पापड, फणसाची साठं, सुकी लाकडं माळ्यावर चढली की जीव निश्चिंत होतो. पण बेगमी पुढे वापरायची असते, हे दादांना मान्य नाही. त्यांच्या मते ती असण्यासाठी असते. पुतण्याच्या मुंजीत मिळालेला शर्ट त्याच्या लग्नात घालायला म्हणून त्यांनी पहिल्यांदा उघडला, तर कॉलर घडीवरच फाटली. "हल्ली कापड चांगलं येत नाही," असं म्हणून ते जुनाच शर्ट घालून लग्नाला गेले. अंगाचा साबण आणला की तो वर्षभर वाळत ठेवतात, कारण कोरडा साबण कमी झिजतो. पाहुण्यांसाठीचे कप पाहुणे गेल्यावर धुऊन परत ठेवायला लागू नयेत म्हणून पाहुणे असेपर्यंत ते निघतच नाहीत. एकदा मे महिन्यात माळ्यावरच्या सगळ्या मेणबत्त्या वितळून त्यांचा एक गोळा झाला. दुसरा कोणी हळहळला असता. दादा म्हणाले, "बरंच झालं, आता कोणी एकेक उचलून नेणार नाही," आणि गोळा परत जागेवर ठेवून दिला.

अशा माणसाच्या घरात बॅटरी आली ती जाऊबाईंच्या श्वासासाठी. त्यांची फुप्फुसं अधू आहेत. दम लागला की ऑक्सिजनच्या मशीनची नळी नाकाला लावून बसावं लागतं, आणि मशीन चालतं विजेवर. मागे वादळात विजेचे खांब आडवे झाले, बरेच दिवस वीज आली नाही, तेव्हा जाऊबाईंना माणगावच्या दवाखान्यात हलवावं लागलं होतं. तिथल्या बाकावर बसून दादा मला एवढंच म्हणाले, "अगो, हवेचीसुद्धा बेगमी करायला हवी होती." घरी परतल्यावर मी कामाला लागले. दुकानादुकानांतून दर मागवले, छपरावरच्या सोलर पॅनेलचे वेगळे, बॅटरीचे वेगळे. पॅनेलचं कसंबसं जमणार होतं. बॅटरीचा आकडा बघून माझा नवरा म्हणाला, "एवढ्यात तर नवी कोरी स्कूटर येईल!" भाव चढेल म्हणून वर्षानुवर्षं राखलेली सुपारीची पोती दादांनी एका सकाळी व्यापाऱ्याला देऊन टाकली. पोती टेम्पोत चढताना मी डोळ्यांनी पाहिली, तरी माझा विश्वास बसेना.

बॅटरी आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला आली. खाडी पार होईपर्यंत दादा टेम्पोत खोक्यावर छत्री धरून उभे. बोटीवरच्या एका कोळणीने विचारलंच, "आत गणपती हाय काय हो?" "गणपती परत जातो," दादा म्हणाले, "ही राहणार." भीती होती ती खारं पाणी उडण्याची. उन्हाची मुळीच नाही. बसवायला आलेल्या मेकॅनिकने पॅनेल छपरावर लावली, बॅटरी ओटीच्या सावलीतल्या भिंतीवर लावली आणि बजावलं, "थंड आणि कोरडी जागा पाहिजे हिला." दादांनी त्यातलं कोरडी तेवढं ऐकलं. पाऊस तोंडावर येताच गावातल्या वायरमनला बोलावून त्यांनी बॅटरी माळ्यावर चढवली, कारण घरात बेगमीची जागा तीच. वादळात कौलं गेली, तेव्हापासून त्या माळ्यावर पत्रे आहेत. मी म्हटलं, "दादा, उन्हाळ्यात वर भट्टी असते." ते म्हणाले, "अगो, सूर्याचीच वीज ती. तिला उन्हाचं कसलं भय?" तेवढ्यात चुलीवर दूध उतू चाललं, आणि मी तिकडे धावले.

त्यानंतर बॅटरी वापरायची नाही, हा नियम सुरू झाला. वीज गेली की दादा शिडीवर चढायचे, बॅटरीवरचे चारही हिरवे दिवे पाहायचे आणि उतरून समाधानाने सांगायचे, "भरलेली आहे." मग घामाघूम होऊन वीज यायची वाट बघत बसायचे. पंखा लावायचा नाही. मशीनसुद्धा अगदीच लागलं तर. जाऊबाई पुठ्ठ्याने वारा घेत म्हणायच्या, "चार दिवे आहेत ना वर? त्यांना सांगा, खाली येऊन वारा घाला."

"अगो, तुझ्यासाठीच राखतोय."

"मी काय लोणचं आहे, मुरवत ठेवायला?"

गेल्या मे महिन्यात तारांवरच्या फांद्या तोडायच्या म्हणून दिवसभर वीज बंद होती. भर दुपारी जाऊबाईंना दम लागला, ओठ निळसर दिसायला लागले. दादांनी स्वतः मशीनचं बटण दाबलं. इतक्या दिवसांची राखण आज कामी येणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. जेमतेम भात शिजेल एवढा वेळ मशीन चाललं आणि पींपीं करून गप्प झालं. दादा शिडीकडे धावले. मी माझ्या घराकडे धावले, कारण ऑक्सिजनचा एक लहान सिलिंडर मी आपला आणून ठेवला होता. तो जोडला, आणि हळूहळू जाऊबाईंच्या ओठांना रंग आला. वळून पाहिलं तर दादा शिडीच्या मध्यावर बसलेले, धड वर नाहीत, धड खाली नाहीत. "सकाळी चारही दिवे होते गो," एवढंच म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी मी पनवेलहून त्या मेकॅनिकला बोलावलं. तो माळ्यावर चढला आणि लगेच घाम पुसत खाली आला. "अंकल, वर मी टिकत नाही, ती बिचारी काय टिकणार? तापली, म्हणून तिने स्वतःलाच बंद केलं, आणि ती बंद की पॅनेलची वीजपण बंद. आणि कायम फुल्ल भरून नुसती ठेवता ना, ते गरमीत अजून वाईट. आतून थकते ती."

"न वापरता थकते?" दादांनी विचारलं.

"हो ना, अंकल."

एका माणसाचं सगळं तत्त्वज्ञान असं भर ओटीवर कोसळताना मी कधी पाहिलं नव्हतं. टोमणा माझ्या जिभेवर तयार होता, तो मी गिळला. दादा उठले. उत्तरेकडची, मातीच्या भिंतींची खोली घरात सगळ्यांत गार, तिथे ते दुपारी झोपायचे. तिथला स्वतःचा बिछाना त्यांनी गुंडाळून ओटीवर आणून टाकला आणि मेकॅनिकला म्हणाले, "हितं बसव तिला."

बॅटरी बसली. शेजारच्या खोलीत तिच्या विजेवर पंखा लागला आणि जाऊबाई त्याखाली डोळे मिटून पडल्या. मेकॅनिक हत्यारं आवरत म्हणाला, "पहिल्यासारखी नाही राहिली आता. पण थंडाव्यात ठेवा, रोज वापरा, अजून बरीच जाईल."

दादांनी आत जाऊबाईंकडे पाहिलं. मग आवाज अगदी खाली आणून विचारलं, "हिला पुरेल ना?"

मेकॅनिकला वाटलं, मशीनला वीज पुरेल का विचारताहेत. "आरामात, अंकल. शिवाय फ्रीजपण चालेल."

दादांनी मान डोलावली. तो गेल्यावर ते हळूच आत गेले, आणि पंख्याचं बटण एक घर पुढे सरकवलं.