गाठ मारलेली भाकरी

कुत्रं पाळायचं असं आमच्या घरात कुणी ठरवलं नव्हतं. मुलगी पुण्याला नोकरीला आहे. तिनं तिथं भाड्याच्या खोलीत लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलं, तीन आठवडे त्याचे फोटो काढले आणि घरमालकानं दम दिल्यावर ते मोटारीत घालून सोलापूरला आमच्या दारात आणून सोडलं.

जाताना म्हणाली, "आई, नातवासारखं सांभाळ गं त्याला."

"नातू असता तर त्याची आई आज संध्याकाळी पळून गेली नसती," मी म्हटलं. ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय.

पिल्लू चार महिन्यांचं होतं आणि त्याला फक्त एकच काम येत होतं, चावणं. पहिल्या आठवड्यात त्यानं माझी डाव्या पायाची चप्पल खाल्ली. उजवी तशीच ठेवली, म्हणजे मला रोज बघायला मिळावी. मग टीव्हीच्या रिमोटची बटणं, मोबाइलच्या चार्जरची वायर, सागवानी खुर्चीचे दोन पाय, माझ्या नववीच्या मुलींच्या गणिताच्या सात वह्या. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवते. वह्या कुत्र्यानं खाल्ल्या हे वर्गात सांगताना मला जे वाटलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. वीस वर्षं मी हेच कारण सांगणाऱ्या मुलींना बाहेर उभं करत आले होते.

सल्ले मात्र भरपूर मिळाले. मुलगी व्हिडिओ कॉलवर सांगायची, "त्याचे दात येतायत, ओरडू नको, त्याला वाईट वाटतं." आमच्याच गल्लीतले एक निवृत्त हेडक्लार्क रोज फाटकाशी उभे राहून मार्गदर्शन करायचे. त्यांनी आयुष्यात कुत्रं पाळलं नव्हतं, त्यामुळं त्यांना सगळं माहीत होतं. "वहिनी, फर्निचरला तिखट लावा की." लावलं. पिल्लू शिंकलं, पाणी प्यायलं आणि परत खुर्चीकडं गेलं. "मग लिंबू लावा." लिंबू त्याला आवडलं. आमचे हे टॉवेल-चादरीच्या दुकानातून जेवायला आले की पिल्लाच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणायचे, "लहान हाय, सुधरंल की." हे वाक्य ते मुलीबद्दलही पंचवीस वर्षं म्हणत आलेत.

मुलीनं पुण्याहून रबराचं एक हाड पाठवलं. खोक्यावर लिहिलं होतं की ते कधीच तुटत नाही. दोन दिवस टिकलं.

शेवटी मीच डोकं चालवलं. आमच्याकडं ज्वारीच्या कडक भाकरीची चळत डब्यात कायम असते. तिचे तुकडे केले, दुकानातल्या डागी टॉवेलची एक पट्टी फाडली, तुकडे तिच्यात गुंडाळून वर करकचून गाठ मारली आणि पिल्लापुढं टाकलं. त्यानं ती पुरचुंडी पंजात धरली, गाठीशी झटापट केली आणि वीस मिनिटं घरात शांतता पसरली. भाकरी संपली की ते झोपायचं. दिवसातून दोन पुरचुंड्या. खुर्च्या वाचल्या, चपला वाचल्या. हेडक्लार्कांना मी फाटकात बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "मी हेच सांगणार होतो." शेजारच्या दोघींनी आपापल्या कुत्र्यांसाठी तसंच सुरू केलं. मी त्यांना गाठ कशी मारायची तेही शिकवलं. शिकवायची संधी मी सहसा सोडत नाही.

आता अव्वांबद्दल सांगायला हवं. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर मैंदर्गीचं, वय ब्याऐंशी, निम्मं बोलणं कानडीत. आमच्यातल्या जुन्या बायकांसारखं त्यांच्या गळ्यात इष्टलिंग, म्हणजे सुपारीएवढं शिवलिंग असतं. रोज आंघोळ झाली की ते तळहातावर घेऊन पूजा करायची, आणि ती होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही. लग्न होऊन आल्यापासून मी हे बघतेय, यात कधी खंड नाही. त्यांना साखरेचा आजार आहे. सकाळी इन्शुलिनची सुई मी टोचते. डॉक्टरांनी सांगितलंय, सुईनंतर अर्ध्या तासात खायला पाहिजे. पूजेला दहा मिनिटं लागतात, म्हणून आमचा क्रम ठरलेला होता. आंघोळ, सुई, पूजा, नाश्ता. वेळ वाया जात नाही म्हणून हा क्रम मीच बसवला होता.

त्या रविवारी लिंग ठेवायची चांदीची डबी सराफाकडं गेली होती. तिची कडी तुटली होती. तोवर अव्वांनी लिंग पांढऱ्या कापडात बांधून गळ्यात घातलं होतं. आंघोळ झाली, मी सुई टोचली. अव्वांनी दोरा गळ्यातून काढून लिंग पाटावर ठेवलं आणि फुलं आणायला मागच्या अंगणात गेल्या. दोन मिनिटांत परत आल्या तर पाट रिकामा.

"अगं, लिंग कुटं हाय?"

मी स्वयंपाकघरातून आले. पाटाशेजारी फक्त दोऱ्याचा ओला तुकडा पडला होता. आणि लिंग बांधलेलं होतं पांढऱ्या कापडात, वर गाठ. ते कुणाला काय वाटलं असेल हे समजायला मला एक क्षणही लागला नाही. हे मीच शिकवलं होतं त्याला, दिवसातून दोनदा, शाबासकी देऊन.

पिल्लू दिवाणाखाली सापडलं. पुढ्यात कापडाच्या चिंध्या. लिंग नाही. मी त्याचा जबडा उघडून आत बोट घातलं. ते शेपूट हलवत होतं.

ह्यांना फोन केला. ते दुकानातून आले आणि दारातूनच म्हणाले, "गिळलं असंल. एक्स-रे काढू या."

"कुणाचा?"

"कुत्र्याचा."

"आधी अव्वांकडं बघा. सुई टोचलीय."

तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. अव्वा पाटाशेजारी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी पाण्यात साखर कालवून आणली.

"अव्वा, एवढं घ्या. देव बघणार नाही."

"ब्याड," त्या म्हणाल्या. नको. पुन्हा वाटी पुढं केली, पुन्हा "ब्याड", आणि ओठ घट्ट मिटले. आमच्या मठाच्या स्वामींना फोन लावला. ते चांगले समजूतदार आहेत. आजारी माणसानं औषध म्हणून घ्यायला हरकत नाही, असं त्यांनी स्पीकरवर स्पष्ट सांगितलं. अव्वा ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "स्वामींना माझा नमस्कार सांग." तोंड उघडलं नाहीच.

हे खुर्चीवर चढून कपाटावर शोधू लागले. एवढंसं कुत्रं कपाटावर कसं चढेल हे मी विचारलं नाही. फाटकाशी हेडक्लार्क आलेच होते. "वहिनी, त्याला एरंडेल पाजा." मी खिडकी लावून घेतली.

वीस मिनिटं झाली होती. अव्वांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. आणखी दहा मिनिटांत रिक्षा करून दवाखान्यात न्यायचं, मग त्या कितीही नको म्हणोत, असं मी मनाशी ठरवलं. तिथं सलाइनमधून साखर देतील. पण शुद्धीवर आल्यावर त्या माझ्याशी बोलल्या नसत्या, हेही मला माहीत होतं. बाकीच्या आयुष्यात एकदाही नाही.

मग मी शाळेत करते ते केलं. मुलीचं उत्तर चुकलं की मी उत्तर शोधत नाही, तिला माझ्यासमोर गणित पुन्हा करायला लावते. डब्यातून भाकरी काढली, पट्टी फाडली, गाठ मारली आणि पुरचुंडी अव्वांच्या पाटावर ठेवली.

"अगं, आत्ता त्याला खायला घालतीस व्हय?" हे ओरडले.

"गप बसा. खाली उतरा."

पिल्लानं पुरचुंडी उचलली. आधी दिवाणाखाली गेलं. तिथं मी उभी होते, म्हणून थबकलं. मग मागच्या खोलीत, वॉशिंग मशीन आणि भिंत यांच्यामधल्या वीतभर फटीत शिरलं. मी त्याला मागच्या पायांना धरून बाहेर ओढलं आणि झाडूच्या दांड्यानं फटीतला पसारा काढला. दोन मोजे, रिमोटची बटणं, कपड्याच्या क्लिपा, गेल्या महिन्यापासून ज्यासाठी मी कामवाल्या बाईला बोलत होते तो चमचा, आणि शेवटी लिंग. त्याला ओरखडाही नव्हता. खाता आलं नाही म्हणून तिथं आणून टाकलेलं.

मी ते ओंजळीत घेऊन पळत गेले. अव्वांनी माझ्या हातून ते तसं घेतलं नाही. "आधी हात धू." मी हात धुतले. त्यांनी लिंग पाण्यानं धुतलं, पुन्हा धुतलं, भस्म लावलं, फूल वाहिलं आणि डोळे मिटून सगळी पूजा केली, रोजच्याएवढीच, एक ओळ कमी नाही. मी साखरपाण्याची वाटी धरून उभी होते. घामाचा थेंब त्यांच्या हनुवटीवर येऊन थांबला होता. हे दारात उभे राहून रडत होते. त्यांचा काडीचा उपयोग नव्हता.

पूजा संपली. अव्वांनी वाटी घेतली, सगळी प्याल्या, वर दोन भाकऱ्या दह्याबरोबर खाल्ल्या. मगच बोलल्या.

"नाईला कुणी शिकवलं हे?" नाई म्हणजे कुत्रं.

"मी," मी म्हटलं.

"लई हुशार हाईस तू," त्या म्हणाल्या. एवढंच. तीस वर्षांत त्यांनी मला इतकं लागेल असं काही म्हटलेलं नाही.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिला बापाकडून कळलं होतं. पिल्लाला धक्का बसला असेल का, असं तिनं विचारलं. मी फोन ह्यांच्या हातात दिला.

कुत्रं देऊन टाका असं सगळे म्हणाले. मी दिलं नाही. कुत्र्यानं फक्त शिकवलेलं केलं होतं. आता भाकरी नुसतीच देते, कापडाशिवाय. आवाज होतो, फरशीभर चुरा सांडतो, मला झाडावा लागतो.

आणि सकाळचा क्रम बदलला. आंघोळ, पूजा, मग सुई. इतकी सोपी गोष्ट गणित शिकवणाऱ्या बाईला इतक्या वर्षांत सुचली नव्हती. अव्वांना मात्र लगेच कळलं की आता घाई नाही. दहा मिनिटांची पूजा पाऊण तासावर गेलीय. मधे एक डोळा उघडून त्या बघतात, मी सुई घेऊन उभी आहे का. असते. शाळेला उशीर होत असला तरी असते.