अंगावरचं दूध

मला मुळात एका जागी बसवत नाही, आणि पोटासाठी काम धरलं तेही बसून वाट पाहण्याचं. साताऱ्यात मी ज्या प्रयोगशाळेत आहे तिथे एनएमआरचं मोठं चुंबक आहे. रक्त, लघवी, उसाचा रस, काहीही बारीक काचनळीत भरून आत सोडलं की त्यातला प्रत्येक पदार्थ पडद्यावरच्या आलेखात आपापल्या ठरलेल्या जागी शिखर उमटवतो. शरीराने काय पचवलं आणि काय तसंच बाहेर टाकलं, ते त्या शिखरांवरून कळतं. चुंबकाला मात्र घाई चालत नाही. आमचं पटत नाही ते तिथेच.

त्या दिवशी सांगलीहून गाडीत बसले तेव्हा मांडीवर बर्फाचा डबा होता आणि डब्यात धाकट्या बहिणीच्या बाळाची लघवी. बहिणीचं लग्न वडिलांच्या बहिणीच्या, म्हणजे आमच्या आत्तीच्याच मुलाशी झालेलं. घरातली पोर घरात राहिली म्हणून सगळे खूश. जवळच्या नात्यातल्या लग्नाने पोरांना आजार येतात म्हणून मी तोंड वाकडं केलं तर 'शिकली म्हणून शहाणी झाली' असे टोमणे ऐकले. मेहुणा फौजेत, सीमेवर. त्यांचं पहिलं बाळ बारशाच्या आधीच गेलं. डोळे पिवळे झाले, उलट्या लागल्या, गळून गेलं. कारण कुणालाच सापडलं नाही. आत्तीने नजर लागली म्हणून विषय मिटवला. आता दुसऱ्याचेही डोळे पिवळे दिसायला लागले होते. डॉक्टरांनी तपासण्या पाठवल्या होत्या, पण रिपोर्टला वेळ लागणार होता. तोवर मला थोडी लघवी द्या म्हटलं, तर ते हो म्हणाले.

कराडला रस्त्याचं काम, त्यात उसाच्या ट्रॉल्या, गाडी जागची हलेना. मी डबा उघडून बर्फ बघितला, झाकण लावलं, परत उघडलं.

"आवं मॅडम, असं सारखं उघडलासा तर वितळंलच की," ड्रायव्हर म्हणाला. बरोबर बोलला, म्हणून मला त्याचा आणखी राग आला.

साताऱ्यात पोचताच नळी चुंबकात गेली. मी खोलीत येरझारा घातल्या, नखं खाल्ली, चहा मागवला आणि प्यायला विसरले. आलेख उमटला. दुधातली साखर फुटून तिचं गॅलॅक्टोज होतं. ते आणि त्यापासून तयार होणारा आणखी एक पदार्थ, दोन्हींची शिखरं नको तेवढी उंच होती. बाळाला दूध पचतच नव्हतं. गाईचं नाही, आईचंही नाही.

डॉक्टर फोनवर म्हणाले, पक्कं निदान होत राहील, दूध आत्ताच बंद करू आणि सोयाबीनची पावडर चालू करू. मग बहिणीला फोन लावला, तो उचलला आत्तीने.

"आईचं दूध कवा बाधतंय व्हय? तुजं मशिनच बिघडलं असंल."

"आत्ती, मशिनला शिव्या मागनं घाला, आधी त्याला आईपासनं बाजूला घ्या!" आत्तीपुढे माझा आवाज असा कधी चढला नव्हता.

आठवड्याभरात बाळाच्या उलट्या थांबल्या, डोळे निवळायला लागले. मी सांगलीला धावले. बहीण दवाखान्यातल्या खाटेवर पाठमोरी बसून छातीत दाटलेलं दूध वाटीत पिळत होती. मला आनंद आवरत नव्हता. पोरगं वाचलं, आता काळजी नाही, मोठं होऊन तुला छळेल बघ, अशी माझी बडबड चालू होती.

"आक्का," ती मला थांबवत म्हणाली, "थोरला लय अशक्त झालता तवा तुमी समदी म्हणत हुतासा, सारखं पाज, अंगावरच्या दुधानं बाळसं धरंल. मी त्याला झोपंतनं उठवून पाजत हुते. माज्याच दुधानं गेला व्हय गं त्यो?"

हो म्हणवेना. नाही म्हणणं खोटं झालं असतं. मी तिच्या हातातली वाटी घेतली, बेसिनमध्ये ओतली, धुतली, पुन्हा धुतली. वळले, तर ती अजून माझ्या तोंडाकडे बघत होती.